तळहाताचे ठिपके

माझं डोकं तापट आहे, हे आधीच सांगून ठेवते. बाबा मला फटाकडी म्हणायचे, आणि मिलमधले लोक माझा फोन आला की तो एकमेकांकडे ढकलायचे. त्यामुळे बाबांच्या चित्रात पहिल्यांदा ते ठिपके दिसले तेव्हा मी काय केलं असेल, ते तुम्ही ओळखालच. मी स्क्रीनशी भांडले.

आमचं घर पडद्यांवर चालायचं. बाबा पडद्याच्या कापडाची डिझाइनं काढायचे, वेली, पानं, कधी नुसत्या रेघा, आणि मिल ती कापडावर छापायची. सगळं आयुष्य त्यांनी कागदावर काढलं. मग मिलने कागद घेणं बंद केलं. आता फाइल पाठवा म्हणाले. मी चिडले, बाबा नाही चिडले. त्यांनी चित्रं काढायची मोठी स्क्रीन आणली, खिडकीजवळच्या टेबलावर जराशी तिरकी बसवली, तिचं पेन हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाले, "बरं बाई, दाखव तुझं काय ते." तेव्हापासून ती स्क्रीन आमच्या घरात बाईच झाली. बाई आज रुसलीय, बाईचं पोट भरलंय, बाईला जरा पुसून घे.

काढायचे ते, निस्तरायचे मी. डिझाइन म्हणजे एक चौकोन असतो. तोच चौकोन कापडावर शेजारी शेजारी, वर खाली छापत जातात, त्याला रिपीट म्हणतात. त्यामुळे चौकोन एकदम साफ लागतो. बाबा म्हणायचे, चौकोनात एक माशी बसली की पडद्यावर माश्यांची शाळा भरते. तर ती एक माशी शोधणं हे माझं काम. चित्र मोठं करून करून बघायचं, कुठे रेघ निसटली असेल, कुठे रंगाचा कण सांडला असेल, तो टिपायचा. मला चित्र काढता येत नाही. पुसता मात्र फार छान येतं.

बाबांचा एक नियम होता, लहानपणापासून ऐकत आलेला. आधी हात टेकव, मग रेघ ओढ. करंगळीखालची तळहाताची कड कागदावर नीट टेकवायची, तिचा आधार घ्यायचा आणि मग हात फिरवायचा. हात हवेत ठेवून काढलेली रेघ त्यांना लांबून कळायची. "ही घाबरलेली आहे," म्हणायचे. मला त्यांनी शिकवायचा खूप प्रयत्न केला, पण माझा हात काही टेकेना, आणि टेकला तर हलेना. शेवटी त्यांनी नाद सोडला.

काचेवर हात टेकवायचा म्हणजे पंचाईत. बाईला पेनही कळतं आणि बोटही कळतं. मग टेकलेला तळहातही तिला कळणारच, आणि ती तिथे रंग उमटवणार. त्यासाठी तिच्यात एक सोय होती, पाम रिजेक्शन नावाची. स्पर्श मोठा आणि पसरट असेल तर तो तळहात, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. छोटा असेल तर बोट, त्याचं ऐकायचं. पेन असेल तर पेनाचं ऐकायचं. बाबांना हे फार आवडलं. "म्हणजे काम कोण करतंय आणि नुसतं टेकलंय कोण, हे हिला कळतं," ते म्हणाले. "आपल्या मिलमध्ये बसवायला पाहिजे."

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, मग बोट बंदच करून टाकायचं, नुसतं पेन चालू ठेवायचं. तीही सोय होती. पण बाबा उजव्या हाताने पान काढायचे आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने त्याच पानाचा रंग एका कडेला पुसट करायचे, दोन्ही एकाच वेळी. कागदावर खडूने काढायचे तेव्हापासूनची सवय. त्यामुळे त्यांच्या पानांवर उजेड पडल्यासारखा वाटायचा, आणि मिल त्याचेच तर पैसे द्यायची. मी एकदा बोट बंद करून बघितलं. बाबांनी पेन खाली ठेवलं. "अंगठा चालू कर," म्हणाले. "तो माझ्यापेक्षा जुना कामगार आहे."

तर बाई आली आणि काही वर्षं मजेत गेली. मग ठिपके आले.

पहिल्यांदा एका पानाच्या देठापाशी दिसले. फिकट, बारीक, जवळ जवळ. मी पुसले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पानापाशी. मी पुसले आणि काचही पुसली. मग तर रोजच. प्रत्येक पानाच्या खाली उजव्या अंगाला, जिथे बाबांचा हात टेकत असेल नेमका तिथे.

"बाबा, ही तळहात ओळखेनाशी झालीय," मी म्हटलं.

"म्हातारी झाली असेल," बाबा म्हणाले. "आपण काय कमी आहोत?"

मी ती बंद करून चालू केली, सगळ्या सेटिंग पुन्हा लावल्या, शेवटी हेल्पलाइनला फोन लावला. तिथली मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, मी आपली अडचण समजू शकते."

"समजू नका हो. दुरुस्त करा."

"मॅडम, आपण काच स्वच्छ केली आहे का?"

"मी दिवसभर तेच करते! माझा धंदाच तो आहे!"

बाबा पलीकडे बसून हसत होते. हसताना त्यांनी पोटावर हात दाबून धरला होता. मला वाटलं, हसून दुखतंय.

त्यात भर म्हणून चुकीची फाइल मिलला गेली. बाबांनी काढलेली एक आणि मी साफ केलेली एक, अशा दोन असायच्या, आणि मी घाईत ठिपक्यांचीच पाठवली. मिलचे साहेब म्हणजे घाईसाहेब. हे नाव आम्हीच ठेवलेलं, कारण त्यांना सगळंच कालच हवं असायचं. त्यांनी न बघता अख्खा तागा छापला. मग फोन केला. "ताई, पानांखाली किडे सोडलेत का तुम्ही?"

तागा घरी परत आला. बाबांनी तो खोलीभर उलगडला आणि गुडघ्यांवर बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेले. पानाखाली ठिपके, पुढच्या पानाखाली ठिपके, सबंध खोलीभर. मला काहीसुद्धा बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. उठताना त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला.

"कापून टाक," म्हणाले. "फडकी कर. आणि यापुढे घरात एकच फाइल. साफ केली की तेवढीच ठेवायची. घाणेरडी ठेवायची नाही."

कापड चांगलं जाड, सुती होतं. त्याची मी ढीगभर फडकी केली. काही स्वयंपाकघरात गेली, काही शेजारी वाटली, आणि एक बाईच्या काचेसाठी टेबलाच्या खणात राहिलं.

कंपनीने शेवटी स्क्रीन बदलून दिली. कोरी करकरीत बाई घरात आली, आणि पहिल्याच पानाखाली ठिपके! माझं डोकंच फिरलं. बाबांना उठवून मी स्वतः खुर्चीत बसले, हात टेकवून खूप रेघा मारल्या, वाकड्यातिकड्या, मला येतात तशा. एकही ठिपका नाही. पुन्हा बाबा बसले. ठिपके.

"माझ्याशी कशी गुणी वागते बघा," मी म्हटलं. "तुम्ही काहीतरी वेगळं करताय बाबा."

"या वयात मी वेगळं काय करणार गं?"

पुन्हा हेल्पलाइन. तीच मुलगी निघाली. माझा आवाज ऐकून तिने आधी एक श्वास घेतला, मला ऐकू आला. पण या वेळी तिने कामाचं सांगितलं. बाईमध्ये सेटिंगचं एक पान असतं, ते उघडलं की काचेवर जिथे जिथे स्पर्श होतो तिथे तिथे गोल दिसतात. जो स्पर्श बाई सोडून देते तो करडा, आणि जो मानते तो निळा. "दोघांचे हात टेकवून बघा मॅडम," ती म्हणाली. फोन मी टेबलावर उघडाच ठेवला.

सकाळची वेळ होती, खिडकीतून ऊन येत होतं. मी माझी तळहाताची कड काचेवर टेकवली. बटाट्याएवढा एक करडा डाग उमटला. मग बाबांनी त्यांचा हात टेकवला.

तीन गोल. छोटे छोटे, सुटे सुटे. निळे.

"काय दिसतंय मॅडम?" फोनमधून आवाज आला.

"तीन आहेत. लहान."

"मग ती बोटं आहेत मॅडम. मोठ्या माणसाचा तळहात एवढा लहान उमटत नाही. घरात कुणी लहान मूल आहे का? तेच हात लावत असेल."

मी काचेवरून नजर काढली आणि बाबांच्या हाताकडे बघितलं. म्हणजे नीट बघितलं. ज्या हाताने काढलेलं प्रत्येक पान मी डोळ्यांत तेल घालून तपासत होते, तो हात मी कितीतरी दिवसांत बघितलाच नव्हता. करंगळीखाली जी मांसाची गादी असते ना, ती नव्हतीच तिथे. कातडं होतं आणि त्याखाली हाडं होती, आणि हाडांची तीन टोकं काचेला टेकली होती. बाईचं काही चुकलं नव्हतं. तळहात म्हणावा असं तिथे काही उरलंच नव्हतं.

मी फोन बंद केला.

"बाही वर करा बाबा."

"थंडी आहे गं."

"बाबा."

त्यांनी बाही वर केली. मी बघितलं आणि पुन्हा खाली केली, मीच. मग मला एकेक गोष्ट आठवायला लागली. पट्ट्याला पाडलेलं नवीन भोक. घरातसुद्धा अंगात स्वेटर. मिलमध्ये जाऊन येतो म्हणून जायचे, आणि घाईसाहेब मला फोनवर म्हणायचे, बाबा हल्ली इकडे फिरकत नाहीत. मी म्हणायचे, साहेबांचं लक्ष कुठे असतं!

"कुठे जात होतात?"

"डॉक्टरकडे."

"काय म्हणतात?"

बाबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "पोटात आहे. उशिरा कळलं म्हणतात. फार काही करण्यासारखं नाही, पण तपासण्या करत बसतात बिचारे."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"ठिपके यायच्या जरासं आधीपासून."

मग मी जी ओरडले ती काही विचारू नका. मी ओरडले की मी इथे त्या पोरीशी भांडतेय, स्क्रीन बदलून घेतेय, काच घासतेय, आणि तुम्हाला माहीत होतं! तुम्हाला सगळं माहीत होतं आणि तुम्ही समोर बसून हसत होता! टेबलावरचे रंगाचे नमुने मी भिरकावून दिले. माझा आवाज बसल्यावर बाबा म्हणाले, "तू भांडायला लागलीस ना बाईशी, की मला फार बरं वाटायचं. एवढी खात्रीने भांडायचीस. मलाही वाटायचं, असेल, बाईच बिघडली असेल."

मी तिथेच जमिनीवर बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. गुडघाही नुसता हाडाचा होता.

त्यानंतर काही दिवस त्यांना हॉस्पिटलात ठेवलं. घरी आले ते तावातावाने. मला वाटलं औषधांवर चिडलेत. नाही, पडद्यावर चिडले होते.

"दोन खाटांच्या मध्ये पडदा असतो, त्यावर काय आहे ठाऊक आहे तुला? चौकोन! निळे चौकोन. मी पडल्या पडल्या ते मोजत होतो. शेजारचा माणूसही मोजत होता. आमच्या दोघांची बेरीज काही जुळेना, त्यावरून आम्ही वाद घातला." मग जरा दम खाल्ला. "तो माणूस गेला. मरताना त्याच्या डोळ्यांसमोर ते चौकोन होते गं."

घाईसाहेबांकडे हॉस्पिटलच्या पडद्यांचं काम बऱ्याच दिवसांपासून पडून होतं. बाबांना त्यात राम वाटत नव्हता म्हणून आम्ही टाळत आलो होतो. आता बाबांनी स्वतः फोन करून ते मागून घेतलं. त्यांना एक वेल काढायची होती. खालून वर हळूहळू चढत जाणारी. कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळू नये, नजर कुठे अडू नये, मोजण्यासारखं काही नसावं. आडव्या पडलेल्या माणसाने एका पानावरून दुसऱ्या पानावर जावं आणि जाता जाता त्याला झोप लागावी. "एवढं एक करून जातो," ते म्हणाले, एखाद्या दुकानातून जरा जाऊन येतो म्हणावं तसं. मला दुसरं काहीही नको होतं. ती वेल त्यांच्या हातून पुरी व्हावी, एवढंच माझं मागणं होतं आता.

आणि बाई त्यांचा हात टेकवून घेईना.

आता तिनाचे चार ठिपके यायचे, कधी पाच. पान काढताना हात सरकला की ठिपक्यांच्या रेघा व्हायच्या. पानं झाकली जायची. मी पुसायचे तोवर त्यांचा जीव दमायचा. मी मोज्याचं कापड कापून करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटापुरता हातमोजा शिवला. ठिपके थांबले, पण कापड काचेवर घसरायचं. बाबांचा हात आता थरथरत होता, त्याला पकड लागायची. रेघ भलतीकडेच जायची. मग मी हाताखाली जाड पुठ्ठा ठेवून बघितला. त्याने निम्मं चित्रच झाकलं गेलं. हात हवेत धरून काढायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला. एक पान काढलं, मान वाकडी करून त्याच्याकडे बघितलं.

"घाबरलेलं आहे," म्हणाले आणि स्वतःच पुसलं.

त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवले नाहीत. मी बाईसमोर जाऊन बसले. तिच्यावर ओरडण्यात काही अर्थ नव्हता. मी आपला हात काचेवर टेकवून बसले होते, उगीचच. स्पर्श दाखवणारं ते पान उघडंच होतं. माझ्या हाताचा करडा, गलेलठ्ठ डाग तिथे होता. बाई त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती.

मी उठून बाबांना हलवलं. "उठा. एक गंमत दाखवते."

त्यांना खुर्चीत बसवलं, शेजारी स्टूल ओढून मी बसले आणि माझा हात पालथा करून काचेवर ठेवला, तळहात काचेला चिकटवून. "आता टेकवा," मी म्हटलं. "माझ्यावर."

त्यांनी माझ्या हाताच्या पाठीवर आपला हात टेकवला. पेन पुढे आलं आणि काचेला लागलं. मी माझा हात हळूच सरकवत नेला, ते जातील तसा, आणि एक पान उमटलं. खाली एकही ठिपका नाही. डावा अंगठा लगेच धावत आला आणि त्याने पानाच्या कडेवर उजेड पाडला.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "अगं फटाकडे," म्हणाले आणि पुढचं पान काढायला घेतलं.

मग रोज सकाळी आम्ही असेच बसू लागलो. मला त्यांचा हात कळायला लागला. कुठे वळणार, कुठे थांबणार, ते मला माझ्या हाताच्या पाठीवर आधी कळायचं आणि पान मागून उमटायचं. जे त्यांनी लहानपणी शिकवायचा प्रयत्न केला होता ते मला आत्ता कळत होतं, टेकायचं किती आणि सोडायचं किती. मी बोलत सुटायचे. घाईसाहेबांची नक्कल करायचे, हेल्पलाइनच्या मुलीची करायचे. "हसवू नकोस, देठ हलतो," म्हणायचे. पण देठ हलू द्यायचे नाहीत.

वेल वर चढत होती आणि हात हलका होत होता. ते मी कुणाला सांगितलं नाही, सांगायला घरात होतं तरी कोण. आधी त्यांचा हात टेकला की माझ्या हाताची हाडं काचेवर दाबली जायची. नंतर दाबली जाईनात. मग तर नुसता उबेवरून कळायचा. डॉक्टर तारीखवार काय काय सांगत होते, ते मी ऐकून सोडून द्यायचे. मला माझ्या हातावर सगळं कळत होतं.

शेवटचं पान त्यांनी मुद्दाम मागे ठेवलं होतं. चौकोनाच्या वरच्या कडेचं, जिथे वेल पुढच्या चौकोनात शिरते. ते जुळलं की संपलं. त्या दिवशी त्यांना खुर्चीत बसवेना, म्हणून मी बाईलाच त्यांच्या अंथरुणावर नेलं, उशा लावून उभी केली. हात धरून माझ्या हातावर ठेवला. त्यांनी पान काढलं. फार वेळ लागला, पण घाबरलेलं नव्हतं. अंगठा आला, जरा चाचपडला आणि उजेड पाडून गेला.

"जुळलं का बघ," म्हणाले.

मी चौकोन शेजारी शेजारी लावून दाखवला. वेल अशी गेली वर, की कुठे जोड आहे तो मलासुद्धा सापडेना. "जुळलं बाबा."

त्यांनी मान हलवली. पेन त्यांच्या बोटांतून सुटलं. हातही माझ्या हातावरून घसरला आणि काचेवर टेकला, त्या शेवटच्या पानाखाली. चटकन तीन ठिपके उमटले. हिरवे. तिसऱ्याला बारीकशी शेपटी, हात ओघळला तिथे.

ते त्यांनी बघितलं. डोळे काय तेवढेच राहिले होते. "पूस ते," म्हणाले. "आडव्या पडलेल्या माणसाला तेवढंच दिसत बसतं गं. मी पडलोय तिथे, मला माहीत आहे. तो ते मोजत बसेल. पूस."

"हो."

"पुसलंस?"

"पुसलं बाबा," मी म्हटलं. मी काही केलं नव्हतं. त्यांचा हात अजून तिथेच होता, तो उचलायचा कसा?

"शहाणी," म्हणाले आणि डोळे मिटले. त्यानंतर ते कामाचं काही बोलले नाहीत. फारसं काहीच बोलले नाहीत. त्याच आठवड्यात गेले.

सगळं आटोपल्यावर घाईसाहेबांचा फोन आला. बराच वेळ नुसते खाकरत होते. मग म्हणाले, "ताई, त्या पडद्यांचं... घाई नाही हं. अजिबात घाई नाही." मला रडू फुटलं ते त्यांच्या त्या बोलण्याने. त्या माणसाच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पण बाबांना घाई होती. चौकोन मोजत पडलेली माणसं तिथे होतीच. म्हणून मी बाईला पुन्हा टेबलावर बसवलं, ऊन येतं तिथे, आणि फाइल उघडली. वेल उघडली. मी खालून एकेक पान तपासत वर गेले. कुठे काही नव्हतं. आमच्या दोघांच्या हातांनी केलेलं काम एकदम स्वच्छ होतं. वरच्या कडेला पोचले. पान, त्यावरचा उजेड, आणि खाली तीन ठिपके.

मी चित्र मोठं केलं. अजून मोठं केलं. ठिपके सगळ्या काचेवर पसरले. मी त्यांच्यावर हात ठेवायला गेले, पण माझा हात पडला मोठा, सगळे झाकून टाकणारा, आणि बाईने तो मोजलाच नाही. मी पुसायचं पेन उचललं आणि खाली ठेवलं. उचललं आणि ठेवलं. एक कॉपी काढून ठेवायचा विचार मनात आला नाही असं नाही. बोट त्या बटणापर्यंत गेलंही होतं. पण घरात एकच फाइल, घाणेरडी ठेवायची नाही, हे त्या माणसाने गुडघ्यांवर बसून, सगळा तागा नजरेखालून घालून मग सांगितलं होतं. आणि मी त्यांना पुसलं म्हणून सांगितलं होतं. ते त्यावर विश्वास ठेवून झोपले होते.

म्हणून मी पुसले. पहिला पुसला. दुसरा पुसला. तिसऱ्याची शेपटी आधी पुसली, मग तो. आयुष्यात पुसण्याचं काम मी इतकं सावकाश कधी केलं नसेल. मग फाइल पाठवून दिली आणि बाई बंद केली.

काळ्या काचेवर माझ्या हातांचे डाग पडले होते आणि डोळ्यांतलं पाणीही सांडलं होतं. रोजच्या सवयीने मी खण उघडला, फडकं काढलं, झटकलं आणि काच पुसायला वाकले. हात अर्ध्यावर थांबला. रोज तेच फडकं वापरत होते मी, पण कधी उलगडून बघितलं नव्हतं. त्यावर एक पान होतं, पानाच्या कडेला उजेड होता आणि खाली तीन ठिपके होते. धुवून धुवून पान फिकट झालं होतं, ठिपके तेवढे तसेच होते.

मी ते टेबलावर पसरलं. हाताने सुरकुत्या काढल्या. त्या तीन ठिपक्यांवर माझ्या तळहाताची कड ठेवली, बाबांनी शिकवली होती तशी, नीट टेकवून.

मग मी बाबांना हाक मारली. मोठ्याने, भांडताना मारायचे तशी.